गोळीनंतरचा दिवस: वस्तीतल्या मुलांना खून झालेल्या नेत्यांचा इतिहास कसा सांगावा

पहिल्या वर्षी मी या विषयाला चुकीच्या टोकाकडून हात घातला. चेंबूरच्या आमच्या वस्तीत, समाजमंदिराच्या वरच्या खोलीत, मी नववी ते कॉलेजपर्यंतच्या मुलामुलींचा रविवारचा अभ्यासवर्ग घेते. वर्ग तेव्हा नवीनच होता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यात ज्यांचे खून झाले त्या नेत्यांवर मी दीड तास बोलले. मुलं गप्प बसून ऐकत होती, मला वाटलं जमलं. पुढच्या रविवारी विचारलं, तर अकरावीतला एक मुलगा घडाघडा सांगायला लागला: मारेकरी कुठे दबा धरून बसला होता, बंदूक कुठली, गोळी कुठे लागली. सगळं बरोबर. मग मी विचारलं, "मेडगर एव्हर्स काम काय करायचे? सकाळी उठून कुठे जायचे?" बावीस मुलांपैकी एकालाही सांगता आलं नाही. दोष त्यांचा नव्हता, मी सांगितलंच नव्हतं. मारणाऱ्याचं नाव मुलांच्या तोंडी बसलं आणि मेलेल्या माणसाचं काम कोणाला ठाऊक नाही, हे माझ्याच हातून झालं होतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. खून कसा झाला हे पाच मिनिटांत सांगायचं. त्या माणसाचं रोजचं काम काय होतं आणि तो पडल्यावर दुसऱ्या दिवशी ते काम कोणी उचललं, याला उरलेला सगळा वेळ द्यायचा. पुढे जे लिहिते आहे ते या नियमाने घेतलेल्या वर्गांतून आलं आहे. तुमच्या विहारात, मंडळात, वाचनालयात किंवा शाळेत हा विषय घ्यायचा असेल तर उपयोगी पडेल.

आधीची तयारी

चार रविवार आणि एक सहल, एवढा वेळ धरा. किंग, एव्हर्स, माल्कम एक्स आणि हॅम्पटन हे चारही नेते एका दिवसात उरकू नका, सगळ्यांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. सकाळी दहा ते बारा ही वेळ बरी. बारानंतर घराघरांतून जेवणाच्या हाका येतात आणि मुलांचं लक्ष राहत नाही. वंदना झाली की थेट विषयाला लागा.

माईक लावू नका. माईक हातात आला की आपण भाषण करायला लागतो. फळा, खडू, जगाचा नकाशा, पांढरी कार्डशीट आणि जाड मार्कर एवढं पुरतं. प्रोजेक्टर मिळाला तर चांगलंच, पण त्यासाठी वर्ग अडवू नका.

फोटो निवडताना मात्र वेळ काढा. प्रेतांचे फोटो दाखवायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी एक दाखवला होता. नववीतली एक मुलगी पुढचे दोन रविवार आलीच नाही. तिच्या मामाला वस्तीतल्याच मारामारीत जीव गमवावा लागला होता हे मला नंतर कळलं. आपल्यासमोर बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरात काय घडलं आहे हे आपल्याला माहीत नसतं. मोर्च्याचा, कचेरीत बसलेल्या माणसाचा, मुलांबरोबर हसणाऱ्या बापाचा फोटो शोधा.

पहिला रविवार: पाऊस आणि कचऱ्याची गाडी

सुरुवात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापासून करा, कारण ते नाव मुलांनी ऐकलेलं असतं. पण 'स्वप्न' वाल्या भाषणापासून करू नका. ते प्रत्येकाला माहीत असतं आणि तिथेच किंग थांबतात. सुरुवात मेम्फिसच्या कचऱ्याच्या गाडीपासून करा. मी हा वर्ग मुद्दाम जुलैत घेते, पत्र्यावर पाऊस वाजत असताना.

१ फेब्रुवारी १९६८. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात जोरदार पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार आडोशाला गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं चिरडून मेले. काळ्या कामगारांना पावसात उभं राहायला दुसरी जागा नव्हती. गळक्या टबांतून कचरा डोक्याखांद्यावरून वाहायचा, पगार इतका कमी की पूर्ण वेळ काम करूनही काही जणांना सरकारी मदतीवर दिवस काढावे लागायचे. मेलेल्यांच्या घरच्यांना एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर मिळाले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत.

इथे थांबा आणि वस्तीतल्या एखाद्या निवृत्त सफाई कामगाराला बोलू द्या. आमच्याकडे माझे बाबा येतात. ते महापालिकेच्या गाडीवर मोटार लोडर होते. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या, आणि 'मार्गदर्शन करा' असं म्हणू नका. एकच प्रश्न विचारा: पावसात तुम्ही कुठे उभे राहायचात? बाबा सांगतात की ओला कचरा भरला की टोपली दुप्पट जड व्हायची, पाणी मानेवरून पाठीत उतरायचं, आणि आडोशाला गाडीच्याच कडेला उभं राहायचं, कारण सोसायटीच्या गेटच्या आत वॉचमन घ्यायचा नाही. मला आठवतं, आमच्या घरात पावसाळाभर दोरीवर त्यांचा खाकी शर्ट असायचा आणि तो कधीच पूर्ण वाळायचा नाही. मुलं त्यांना आजोबा म्हणतात. ते बोलायला लागले की मेम्फिस नकाशावर कुठे आहे हे दाखवायची घाई उरत नाही.

मग किंग यांच्याकडे या. तेव्हा ते देशभरातल्या गरिबांचा मोर्चा वॉशिंग्टनला न्यायच्या तयारीत होते. सहकाऱ्यांपैकी काहींना वाटत होतं की मेम्फिसच्या संपात अडकू नये. ते तरी गेले. २८ मार्चच्या मोर्च्यात मोडतोड झाली, पोलिसांच्या गोळीने लॅरी पेन नावाचा १६ वर्षांचा मुलगा मेला. किंग पुन्हा आले. ३ एप्रिलच्या रात्री भाषण केलं आणि ४ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने लॉरेन मोटेलच्या ३०६ नंबरच्या खोलीबाहेरच्या सज्जात त्यांना गोळी लागली. वय ३९. खुनाबद्दल एवढंच.

आता दुसरा दिवस. शंभराहून जास्त शहरांत दंगली उसळल्या, हेही सांगा, लपवू नका. पण मुलांना ८ एप्रिलपर्यंत घेऊन जा. नवऱ्याचा अंत्यविधी ९ तारखेला होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी कोरेटा स्कॉट किंग आपल्या तीन मुलांना घेऊन मेम्फिसला आल्या आणि जो मोर्चा त्यांच्या नवऱ्याने काढायचा होता तो त्यांनी काढला. हजारो लोक, घोषणा नाहीत. ११ एप्रिलला घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण बघून नकार देण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. तो कायदा अमेरिकन संसदेत बराच काळ अडकून पडला होता. ११ एप्रिल ही तारीख फळ्यावर लिहिली की पुढच्या बाकावरची मुलं आपसूक म्हणतात, "ताई, जोतिबांची जयंती!" आणि मग कोणीतरी विचारतं की आपल्याला अजून भाड्याने घर देताना आडनाव का विचारतात. या प्रश्नाला वेळ द्या. १६ एप्रिलला मेम्फिस महापालिकेने युनियनला मान्यता दिली आणि पगारवाढ दिली. किंग ज्या कामासाठी गेले होते ते त्यांच्यामागे बारा दिवसांत कामगारांनी तडीला नेलं.

शेवटचा अर्धा तास कार्डशीटसाठी. संपावरच्या कामगारांच्या गळ्यात पाट्या होत्या: 'आय ॲम अ मॅन'. मुलांना त्याचं मराठी करायला सांगा. आमच्याकडे पहिल्यांदा 'मी पुरुष आहे' असं एकाने लिहिलं, मुलींनी हरकत घेतली, 'मी माणूस आहे' वर एकमत झालं. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई झाडू खात्यात आहे. ती म्हणाली, माझ्या आईला ही पाटी चालेल. त्या दिवशी मला कळलं की इंग्रजीपेक्षा आपला शब्द मोठा आहे, त्यात तिची आईपण मावते. पाट्या जपून ठेवा, पुढे लागतात.

दुसरा रविवार: ट्रंकेतले कागद

मेडगर एव्हर्स यांचं काम आधी सांगा, मी केलेली चूक करू नका. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला माणूस. १९५४ पासून मिसिसिपी राज्यात एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता. गाडी काढायची, गावोगाव फिरायचं, मतदार यादीत नाव घालायला लोकांना तयार करायचं, कुठे कोणाला मारलं असेल तर साक्षीदार शोधून जबाब लिहून घ्यायचे. १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाचा खून झाला तेव्हा शेतमजुराचे कपडे घालून ते साक्षीदार शोधत हिंडले. आपल्याकडे ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये गावात जाऊन पंचनामा झाला का, जबाब बरोबर घेतला का हे बघणारे कार्यकर्ते असतात. मुलांना तसा एखादा माहीत असतो. त्याच्याशी जोडून द्या, मग एव्हर्स परके राहत नाहीत.

११ जून १९६३ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडी नागरी हक्कांच्या कायद्याबद्दल टीव्हीवर बोलले. १२ तारीख लागल्यावर थोड्याच वेळात एव्हर्स जॅक्सनमधल्या आपल्या घरी पोहोचले आणि दारात गाडीतून उतरताना पाठीत गोळी लागली. वय ३७. घरात तीन मुलं जागी होती. आवाज झाला की जमिनीवर आडवं व्हायचं हे आईबापांनी त्यांना आधीच शिकवलं होतं, आणि ती तशी झाली. हे सांगताना माझा आवाज दर वर्षी अडकतो. अडकू द्या.

मारेकऱ्याचं नाव एकदाच घ्या: बायरन डी ला बेकविथ. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला. बंदुकीच्या दुर्बिणीवर त्याच्या बोटाचा ठसा होता. ज्युरीत, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांत, सगळे गोरे पुरुष, आणि दोन्ही वेळा एकमत झालं नाही. तो सुटून घरी गेला. इथे 'ज्युरी' म्हणजे काय हे फळ्यावर समजावून सांगा. आपल्याकडे ती पद्धत राहिलेली नाही, त्यामुळे मुलं न्यायाधीशालाच ज्युरी समजतात.

मग दुसऱ्या दिवसाची गोष्ट. ती ३१ वर्षांची आहे. मायर्ली एव्हर्स मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाला गेल्या, शिकल्या, नोकरी केली, पण जुन्या खटल्याच्या कागदांची प्रत त्यांनी जपून ठेवली. १९८९ मध्ये एका पत्रकाराने उघड केलं की राज्याच्याच एका आयोगाने दुसऱ्या खटल्यात ज्युरीची नावं पारखायला आरोपीच्या बाजूला मदत केली होती. केस पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा कोर्टाच्या दप्तरात जुने कागद सापडेनात. बाईंच्या घरी होते. बंदूक सापडली ती एका दिवंगत न्यायाधीशाच्या घरी. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी बेकविथला जन्मठेप झाली. २००१ मध्ये तो कैदेतच मेला.

या रविवारी मुलांना घरून काम द्या: आपल्या घरात कुठले कागद जपून ठेवले आहेत ते आईला, आजीला विचारून या. १९९५ पूर्वीपासून इथे राहत असल्याचा पुरावा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बाबांची हजेरीची वही, सर्व्हेची पावती. कोणाच्या घरी ट्रंकेत, कोणाच्या घरी साडीच्या पिशवीत. कोणी जपले तेही लिहून आणायला सांगा. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात ते काम बाईने केलेलं निघालं. मायर्लीबाई मग मुलांना लक्षात राहतात.

याच वर्गात हॅरी आणि हॅरिएट मूर यांच्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा. फ्लॉरिडातलं शिक्षक जोडपं. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून भांडले, लोकांची मतदार नोंदणी केली, त्यात दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. २५ डिसेंबर १९५१ ला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्यांच्या झोपायच्या खोलीखाली बाँब फुटला. ते त्याच रात्री गेले, त्या नऊ दिवसांनी. त्या खुनासाठी कोणावरही कधी खटला उभा राहिला नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, मला या दोघांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा वाटत नाही. शिवाय एव्हर्स यांच्या केसमुळे मुलांना वाटायला लागतं की उशिरा का होईना न्याय मिळतोच. तसं नाही हेही त्यांना कळायला हवं.

तिसरा रविवार: तीन रकाने

माल्कम एक्स यांच्या आधी फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यावर लिहा 'कोर्टात ठरलं', दुसऱ्यावर 'सरकारी कागदांत सापडलं', तिसऱ्यावर 'लोक म्हणतात'. नेत्यांच्या खुनाचा विषय निघाला की मुलं मोबाइलवर आलेलं काहीही घेऊन येतात. त्यांना गप्प करू नका, पण प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात जातं ते त्यांनाच ठरवायला लावा. तिसरा रकाना पुसायचा नाही. कागद मिळाला तरच त्यातलं वाक्य हलवायचं.

किंग यांच्या खुनावर हे करून बघा. जेम्स अर्ल रे याने मार्च १९६९ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला ९९ वर्षांची शिक्षा झाली: पहिला रकाना. पण थोड्याच दिवसांत त्याने कबुली मागे घेतली. १९७९ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने म्हटलं की त्याच्यामागे कट असण्याची शक्यता दिसते. किंग यांच्या घरच्यांना तर रे निर्दोष वाटत होता. १९९९ मध्ये मेम्फिसच्या दिवाणी खटल्यात ज्युरीने कट होता असं म्हटलं, आणि २००० मध्ये केंद्रीय न्याय खात्याने त्यासाठी भरवशाचा पुरावा नसल्याचं सांगितलं. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने १९६४ मध्ये किंग यांना निनावी पत्र पाठवून आत्महत्येकडे ढकलायचा प्रयत्न केला, हे मात्र दुसऱ्या रकान्यात पक्कं बसतं. खडू हातात घेऊन हे करताना मुलांना घाम फुटतो. फुटू द्या.

माल्कम यांचं काम थोडक्यात: रस्त्यावरच्या, तुरुंगातल्या, नाउमेद झालेल्या काळ्या माणसाला आरशात बघून मान ताठ करायला शिकवणं. ते स्वतः तुरुंगात वाचायला लागले. १९६४ मध्ये 'नेशन ऑफ इस्लाम' ही काळ्या मुस्लिमांची संघटना सोडली, मक्केला जाऊन आले, स्वतःची मतं जाहीरपणे बदलली. २१ फेब्रुवारी १९६५ ला न्यूयॉर्कच्या ऑडुबॉन बॉलरूममध्ये भाषणाला उभे राहिले आणि गोळ्या लागल्या. तेही ३९ वर्षांचे. त्याआधी आठवडाभरच त्यांच्या घरावर पेटत्या बाटल्या टाकल्या होत्या.

इथे एक प्रश्न हमखास येतो: "ताई, आपल्याच माणसांनी मारलं?" हो म्हणा. गोळी झाडणारा एक जण जागेवरच पकडला गेला, तो काळा होता, नेशन ऑफ इस्लामचा होता. आपल्या गटातटांच्या भांडणात वाढलेल्या मुलांना हे लगेच समजतं, आणि ती खाली बघायला लागतात. या क्षणी आपल्या पुढाऱ्यांवर घसरायचा मोह होतो. मी तो आवरते, कारण मग वर्ग त्या पुढाऱ्यांवरच संपतो.

त्यापेक्षा पुढचं सांगा. १९६६ मध्ये तिघांना शिक्षा झाली. पकडल्या गेलेल्या माणसाने कोर्टातच सांगितलं होतं की बाकीचे दोघं त्यात नव्हते. मुहम्मद अझीझ आणि खलील इस्लाम या त्या दोघांनी वीस-वीस वर्षं तुरुंगात काढली. १८ नोव्हेंबर २०२१ ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्यांची शिक्षा रद्द केली, कारण पोलिसांनी आणि एफबीआयने त्यांच्या बाजूचा पुरावा दडवला होता. खलील इस्लाम तोवर, २००९ मध्येच, वारले होते.

ती बातमी आली तेव्हा करोनामुळे आमचा वर्ग फोनवरून चालू होता. आधीच्या वर्षांत मी या दोघांची नावं पहिल्या रकान्यात, मारेकरी म्हणून लिहिली होती. मी जुन्या मुलांनाही फोन करून कॉलवर घेतलं आणि सांगितलं की मी तुम्हाला शिकवलेलं चुकीचं होतं. एका मुलाने, तो तेव्हा डिलिव्हरीचं काम करायला लागला होता, बाइक बाजूला लावून कॉल घेतला. त्याने विचारलं, "मग पहिला रकाना पण पुसता येतो?" येतो. तो पुसायला ५५ वर्षं लागली.

दुसऱ्या दिवसासाठी माल्कम यांच्या पत्नी बेटी शबाझ. चार मुली, पोटात जुळं, घर जळालेलं. त्या शिकत राहिल्या, १९७५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे न्यूयॉर्कच्या ज्या कॉलेजात शिकवलं त्याचं नाव मेडगर एव्हर्स कॉलेज. एकाची विधवा दुसऱ्याच्या नावाच्या कॉलेजात वर्गावर जाते. हे वाक्य नुसतं सांगा आणि थोडं थांबा.

चौथा रविवार: खिळ्यांची डोकी

फ्रेड हॅम्पटन मुलांना सगळ्यांत जवळचे वाटतात, कारण ते २१ वर्षांचे होते आणि पँथर होते, अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर' पक्षाचे. शिकागोत लहान मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायचे, काळ्या, पोर्तो रिकोच्या आणि गरीब गोऱ्या पोरांना एका आघाडीत आणायचे. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्यांच्या खोलीवर छापा घातला. हॅम्पटन बिछान्यातच मारले गेले, २२ वर्षांचे मार्क क्लार्कही. घराचा नकाशा एफबीआयला त्यांच्याच संघटनेत पेरलेल्या माणसाने काढून दिला होता.

पोलिसांनी सांगितलं, आतून जोरदार गोळीबार झाला. एका वर्तमानपत्राने गोळ्यांची भोकं म्हणून फोटो छापले. दुसऱ्या वर्तमानपत्राचे लोक जाऊन बघतात तर ती भोकं नव्हती, दारातल्या खिळ्यांची डोकी होती. पुढे तपासात निघालं की ऐंशीहून जास्त गोळ्या पोलिसांच्या, आतून सुटलेली एक. हे कळलं कसं? पोलिसांनी खोलीला सील ठोकलं नाही आणि पँथर पोरांनी दुसऱ्याच दिवसापासून दार लोकांसाठी उघडं ठेवलं. म्हाताऱ्या बाया, शाळेची मुलं, कामावर जाणारे, हजारोंनी रांग लावून भिंती बघितल्या. या रविवारी मुलांना आपल्या वर्गाच्या खोलीच्या भिंतीवरचे सगळे डाग, खिळे, भोकं पाच मिनिटं नुसती बघून लिहायला सांगा. मग फोटोतून काय खोटं सांगता येतं यावर बोला.

१९८२ मध्ये शहर, काउंटी आणि केंद्र सरकार यांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर भरपाई द्यायचं मान्य केलं. हॅम्पटन यांचा मुलगा बापाच्या मृत्यूनंतर २५ दिवसांनी जन्मला.

इथून मुंबईत यायला पूल बांधावा लागत नाही. १९७२ मध्ये आपल्याच शहरात दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतून सुरू झालेल्या दंगलीच्या दिवसांत, १० तारखेच्या मोर्च्यावर वरून दगड आले आणि भागवत जाधव हा तरुण मेला. मुलांना विचारा, ११ तारखेला काय झालं असेल? उत्तर तुम्ही देऊ नका. वस्तीत त्या वयाची माणसं आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन पाठवा. आमच्या मुलांनी तशा चार वह्या भरल्या आहेत.

सहल

शेवटी मुलांना मणिभवनला न्या. रविवारी निघणार असाल तर आदल्या रात्री हार्बरचा मेगाब्लॉक बघून घ्या. आम्ही कुर्ल्याला बदलून दादरला जातो आणि तिथून चर्चगेटकडची स्लो पकडून ग्रँट रोडला उतरतो. तिथून गावदेवीच्या लॅबर्नम रोडपर्यंत चालत. १९५९ मध्ये किंग आणि कोरेटा भारतात आले, तेव्हा मुंबईत हॉटेल सोडून किंग गांधीजींच्या या घरात राहिले.

एका पालकांनी मला स्पष्ट विचारलं होतं, बाबासाहेबांच्या पोरांना गांधींच्या घरी कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नका. निघायच्या आधी एक तास पुणे करारावर बोला, १९३२ मध्ये काय मागितलं होतं आणि काय सोडावं लागलं ते सांगा. मग मुलं त्या घरात भक्तीने जात नाहीत, विचारायला जातात. बाबासाहेब आणि किंग भेटले का, हे ती विचारतातच. नाही. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं, आणि किंग यांच्या नेतृत्वाखालचा माँटगोमेरी शहरातल्या बसवरचा बहिष्कार यशस्वी होऊन संपला तोही त्याच महिन्यात, दोन आठवड्यांनी. किंग यांना ज्यांच्याशी बोलायला हवं होतं ते गेले होते. पण केरळातल्या एका शाळेत दलित मुलांसमोर मुख्याध्यापकांनी किंग यांची ओळख 'अमेरिकेतले आपल्यासारखेच अस्पृश्य' अशी करून दिली. किंग यांना आधी ते खटकलं, मग आपल्या लोकांची स्थिती आठवली आणि पटलं. १९६५ मध्ये अटलांटाच्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी हे स्वतः सांगितलं. ही गोष्ट मणिभवनच्या बाहेर, फुटपाथवर झाडाखाली सांगा, आत बोलायला मनाई असते.

परतीच्या गाडीत जागा मिळाली तर मुलांना वयं लिहायला सांगा: २१, ३७, ३९, ३९. आमच्यातली एक मुलगी प्रत्येक आकड्यापुढे आपल्या घरातल्या त्या वयाच्या माणसाचं नाव लिहीत होती. ३७ पुढे तिने आईचं लिहिलं.

पहिल्या रविवारच्या पाट्या घडी न घालता, गुंडाळी करून, प्लास्टिकच्या पिशवीत समाजमंदिराच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. खालच्या कप्प्यात पाणी शिरतं. पुढच्या जुलैत नव्या मुलांसमोर जुन्या मुलांनीच त्या उघडायच्या असतात, म्हणून कपाटाची एक किल्ली त्यांच्यापैकी कोणाकडे तरी द्या.